एकतीस सालाचं नाणं

पाकीट हातात आलं की बाबा ते लगेच फोडत नसत. आधी अंगठ्याने दाबून बघत. आत काही गोल, घट्ट लागलं की पोस्टमनला म्हणत, "बस रे सातार्डेकरा, पाणी पी." काही लागलं नाही तर पाकीट माझ्या हातात देत आणि बिचारा सातार्डेकर उन्हातून आला तसा कोरडाच परत जाई.

नव्वद सालच्या मार्चमधल्या त्या सकाळी त्याला पाणी मिळालं, वर दोन आंबोळ्याही मिळाल्या. पाकीट जपानचं होतं. बाबांनी चाकूने कड कापली, चौघडी केलेल्या कागदातून तांब्याच्या रंगाचं एक नाणं काढलं, खिशातलं भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"चौसष्ट," ते म्हणाले. "शेवटचां."

मग पत्र माझ्याकडे आलं. ते मी मोठ्याने वाचायचं, हा आमचा रिवाज. वाचायला अर्धं मिनिटही लागत नसे. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. चौसष्ट साल मिळालं, सोबत पाठवत आहे. एकतीसचा शोध चालू आहे. मी बरा आहे. ताईला नमस्कार. आपला, भालचंद्र.'

भालचंद्र म्हणजे भालू, माझा धाकटा भाऊ. सहा वर्षं तो अशीच पत्रं पाठवत होता, वर्षाला तीन किंवा चार. तो काय खातो, कुठे काम करतो, लग्न केलं की नाही, यातलं एक अक्षर नाही. बाबांनाही ते चाले. ते मला पुन्हा वाचायला सांगत, आणि दुसऱ्या वेळी 'मी बरा आहे' या वाक्याशी आलं की मान हलवत.

बाबा बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. वेंगुर्ल्याच्या उभादांड्यावरचा हा माणूस बत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढून घरी परतला तेव्हा पेन्शनीबरोबर त्याने बिस्किटांचा एक जपानी डबा आणला. त्यात पाच येनची थोडी आणि दहा येनची पंधरावीस नाणी होती. दहाच्या एका नाण्याला आपला रुपया-सव्वा रुपया यायचा, म्हणजे चोरानेही हात लावू नये असा खजिना. पण प्रत्येकावर साल होतं आणि ते वाचायला बाबांनी मला शिकवलं. जपानी लोक साल राजाच्या कारकिर्दीवरून मोजतात. तेव्हाच्या कारकिर्दीचं नाव शोवा. शोवाच्या सालात पंचवीस मिळवले की आपलं साल येतं. आकडेही सोपे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन, आणि दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. मी गणिताची मास्तरीण, मला ते फार आवडलं. तीन रेघा, अधिक, एक रेघ. एकतीस. त्यात पंचवीस मिळवले की छप्पन्न, भालूचं जन्मसाल.

बाबांनीच शब्द टाकून भालूला बोटीवर लावलं होतं. त्र्याऐंशी साली कोबे बंदरात तो बोट सोडून पळाला. दोन दिवस शोधून कप्तानाने नांगर उचलला. कंपनीचं पत्र आलं त्यात 'आपल्या शिफारशीवरून घेतलेला' असे शब्द होते. ते बाबांना इतके लागले की पुढे वर्षभर ते जेटीवर फिरकले नाहीत. घरात भालूचं नाव निघालं की पानावरून उठत. नंतर चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत एक पाकीट आलं. पत्र नव्हतं, नुसतं नाणं. शोवा अठ्ठावीस. पाकिटाच्या पाठीवर पत्ता.

बाबांनी त्या दिवशी माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक मागितलं. जाड पुठ्ठा घेऊन त्यावर ब्लेडने गोल भोकं पाडली, सव्वीसपासून पुढे, प्रत्येक सालाला एक. डब्यातली नाणी बसवली, मधल्या रिकाम्या जागा मोजल्या आणि मला म्हणाले, "लिव. पयली इतकी सांग: तीस, पस्तीस, चाळीस आणि एकतीस आमच्याकडे नाय. गावली तर धाड." आणखी काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "इतक्यांच."

तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं हेच. बाबा सालं कळवत, भालू नाणी पाठवी. राजा वारला, शोवा संपला, तेव्हा पुठ्ठ्याची शेवटची जागाही ठरली, चौसष्ट. त्या वर्षाचे जेमतेम सात दिवस झाले होते म्हणतात, तरी नाणं निघालं. ते आता आलं होतं. एकोणचाळीस जागांपैकी अडतीस भरल्या. राहिलं एक भोक.

मला त्या भोकाचा राग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मी बाबांची थोरली. माझं लग्न जमता जमता राहिलं, आई गेली, मग जमवायला कोणी उरलं नाही. बाबांचं पथ्य, त्यांच्या गुडघ्याचं तेल, शाळा, काजूची झाडं, सगळं माझ्याकडे. माझं साल शोवा सत्तावीस. ते नाणं पहिल्या दिवसापासून पुठ्ठ्यात होतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. बाबा रोज संध्याकाळी पुठ्ठा मांडीवर घेत आणि त्यांचं बोट नेमकं त्या रिकाम्या भोकात जाऊन थांबे. भोकाची कड बोटाने गुळगुळीत झाली होती.

एकदा मी चिडून म्हटलं, "तुमी तेका सरळ ये म्हणान कित्याक लिवणास नाय?"

"नाणां आणूक सांगितलंय ना," ते म्हणाले. "आणतलो."

म्हणजे ते वाट बघत होते ती नाण्याची नव्हे, हे मला कळत होतं. एकतीस सापडलं की तो ते पाकिटात न घालता स्वतः घेऊन येणार, असं त्यांच्या मनात असावं, असा मी अर्थ लावला. आणि पुढचं दीड वर्ष पत्रं येत राहिली, नाण्याशिवायची. 'एकतीस अजून नाही. शोध चालू आहे. मी बरा आहे.' पाकीट दाबून काही लागत नसे, तरी आता सातार्डेकरला पाणी मिळू लागलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी हिशेबात हुशार, पण हे नाही दिसलं.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात शिक्षकांच्या शिबिराला मी कोल्हापूरला गेले. शिबिर कंटाळवाणं, म्हणून दुपारी सटकून गावात हिंडत होते. एका शाळेच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. टेबलामागे एक गृहस्थ जगभरच्या नाण्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. मी जपानची दहा येन विचारली. त्यांनी पान काढून दिलं. सालांची लांबलचक यादी होती. एकोणतीस, तीस, बत्तीस, तेहतीस.

छपाईची चूक असेल म्हणून मी दोनदा बघितलं. गृहस्थ हसले.

"बाई, एकतीसला दहा येन पाडलंच नाही टांकसाळीने. शोधणारे शोधत बसतात. तुम्ही कुणासाठी बघताय?"

वडिलांसाठी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग त्यांना आनंदाची बातमी द्या, त्यांचा संच पूर्ण आहे.

मला खरंच आनंद झाला होता. मी ते अख्खं पान वहीत उतरवून घेतलं, दहा येनचं, पाच येनचं, सगळं. सवयच तशी. वाटेत पोस्ट लागलं. घरी जाईपर्यंत धीर कुणाला? तिथेच बाकावर बसून मी भालूला पत्र लिहिलं. एकतीस साल अस्तित्वातच नाही, तू उगाच शोधू नकोस, पुठ्ठा पूर्ण झाला. बाबांना न विचारता मी भालूला लिहिलेलं ते पहिलं पत्र.

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत बसून मासे धरायची गरी ओवत होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही. वही उघडून यादी दाखवली, वर्गात दाखवतात तशी एकेक सालावर बोट ठेवून. तीसनंतर बत्तीस, बघा. पुठ्ठा कधीचाच भरलाय.

गरी हातातच राहिली.

"तेका कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूरसूनच धाडलंय पत्र."

"बरां केलंस," ते म्हणाले, आणि ओवायचं राहिलेलं पुरं करू लागले. दोरा काही केल्या आत जाईना. मी म्हटलं, द्या इकडे, तर त्यांनी ऐकलं नाही.

जानेवारीत भालूचं पत्र आलं. पाकीट दाबून न बघता बाबांनी ते माझ्याकडे दिलं. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. ताईचं पत्र मिळालं. पुठ्ठा पूर्ण झाला हे वाचून समाधान वाटलं. मी बरा आहे. आपला, भालचंद्र.' त्या दिवशी बाबांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही.

त्यानंतर काही आलं नाही. बाबा अकराच्या सुमाराला बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, जाऊन उभे राहात. सातार्डेकर लांबूनच मान हलवी आणि सायकलवरून न उतरता पुढे जाई. मी दोन पत्रं लिहिली, खुशालीची. बाबा काय लिहायला सांगणार? सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. पुठ्ठा त्यांनी फडताळावर ठेवून दिला होता. मे महिन्यात त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, जपा.

चतुर्थीला आमच्याकडे घरंच्या घरं भरतात. मुंबईला गेलेले सगळे येतात. शेजारच्यांचे तिन्ही मुलगे आले होते, त्यांची पोरं आमच्या अंगणातल्या खळ्यात खेळत होती. आरती आटोपून मी आत आले तर बाबा पुठ्ठा काढून बसले होते. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

"मंदा, माका म्हायत होतां."

"काय?"

"एकतीस कोणी पाडूकच नाय तां. कोबेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदारान माका सांगितल्यान. तू शाळेत शिकत होतंस तेव्हा."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी विचारलं, "मगे तेका शोधूक कित्याक लावलात?"

"तो थयच ऱ्हवता. धा दुकानांत इचारल्यान आसतला. पयल्या वर्साकच तेका कळलां आसतला."

"तेका म्हायत होतां, तर शोधतंय म्हणान तो लिवी कसो?"

"मी इचारत होतंय, म्हणान." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "आमका दोघांक बोलाक दुसरां काय होतां गो? मी ये म्हटलंय आसतंय, तर तेका नाय म्हणूचा लागला आसता. बोट सोडून पळललो माणूस, खयच्या कागदार येतलो? एकतीस गावना नाय म्हटल्यार कसां, कोणाक कायच सांगूचा लागना नाय."

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. मी म्हटलं, मला आधी सांगायचं होतं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर पत्रं कोणी लिहिली असती? तुला खोटं लिहिता येत नाही. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

कारण कोल्हापूरच्या त्या पत्रात आणखी एक वाक्य होतं. ते मी बाबांना सांगितलं नाही, आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. 'आता नाण्यांच्या निमित्ताने पत्रं लिहायचा त्रास घेऊ नकोस. यायचं असेल तर ये, नाहीतर राहू दे.' लिहिताना मला फार हलकं वाटलं होतं. सात वर्षांचं साठलेलं एका वाक्यात निघालं होतं. भालूने ते वाचलं, मुकाट्याने ऐकलं, आणि लिहायचं बंद केलं. बाबांच्या उरलेल्या दिवसांतली पत्रं मी माझ्या हाताने थांबवली.

त्या आठवड्यात मी एक नवा पुठ्ठा आणला. बाबा झोपलेले असताना माझ्या वहीतलं पान समोर ठेवून भोकं पाडली. डब्यात पाच येनची काही नाणी होती, पिवळी, मधे छिद्र असलेली. ती बसवली. यादीत पाच येनला एकोणतीस, तीस आणि एकतीस नव्हती. टांकसाळीने ती तीन सालं पाडलीच नव्हती. मी त्या तिन्ही सालांची भोकं पाडली, जरा जास्तच काळजीने.

दुपारी पुठ्ठा बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी भिंग काढलं. बोट एकेका जागेवरून सरकत गेलं आणि तिथे येऊन थांबलं.

"एकोणतीस, तीस, एकतीस," त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. "ही नाणी आसत गो?"

"आसतली," मी म्हटलं. "भालू थयच आसा. शोधीत."

त्यांनी त्या तीन भोकांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग भिंग खिशात ठेवलं. "लिव तर."

मी लिहिलं. बाबांनी पाच येन गोळा करायला घेतले आहेत, ही तीन सालं मिळत नाहीत, घाई नाही, शोधत राहा. खाली लिहिलं, 'ताई चुकली. तुझ्या पत्राची वाट बघते.' बाबांनी ते ऐकलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

डिसेंबरात सातार्डेकर शाळेत आला. एरवी तो तिथे येत नसे. मला व्हरांड्यात बोलावून त्याने झोळीतून पाकीट काढलं. माझंच अक्षर. वर जपानी शिक्के आणि लाल खूण. त्या सगळ्या लिखाणातले मला फक्त आकडे वाचता येत होते. माणूस त्या पत्त्यावर राहात नाही, एवढं समजायला भाषा लागत नाही.

"सारंगांच्या हातात पडाक नको, म्हणान हय इलंय," तो म्हणाला.

मी ते पाकीट शाळेच्या कपाटात, लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तकांखाली ठेवलं. घरी गेले तर बाबा खाटेवर बसलेले. आता त्यांना बेड्यापर्यंत जाववत नव्हतं.

"इलां?"

"नाय अजून. शोधीत आसतलो."

"शोधूंदे," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने रोज हेच. सातार्डेकर आता सायकलवरून उतरून मुद्दाम आत यायचा आणि सांगायचा, जपानचं टपाल हल्ली उशिरा येतं. बाबा मान हलवायचे. बत्तीस वर्षं बंदरोबंदरी पत्रांची वाट पाहिलेल्या माणसाला टपालाचं काय सांगायचं? त्यांना कळलं होतं. मला खोटं येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी मी सांगेन ते रोज ऐकून घेत होते. भालूचं जसं ऐकत, तसंच.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. श्वास पुरत नव्हता, शब्द एकेक करून येत होते.

"एकतीस गावाक वेळ लागतलो," ते म्हणाले.

"होय, बाबा."

"घाय नाय म्हणान कळव तेका."

मी त्यांच्यासमोर बसून पत्र लिहिलं. तोच पत्ता घातला, दुसरा कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी पेटीत टाकून आले. त्यानंतर चार दिवसांनी बाबा गेले. उशाखाली पुठ्ठा नव्हता, भिंगही नव्हतं. मूठ उघडली तेव्हा तळहातावर एक दहा येनचं नाणं होतं. मला वाटलं, भालूने पाठवलेलं पहिलं, अठ्ठावीसचं असेल. उजेडात नेऊन बघितलं. दोन रेघा, अधिक, आणि साताची खूण. सत्तावीस. जुन्या पुठ्ठ्यातली माझी जागा रिकामी होती. ती कधी रिकामी झाली, घरात असून मला कळलं नव्हतं.

बाबांसमोर लिहिलेलं ते पत्र एप्रिलमध्ये परत आलं. आता लपवायचं कुणापासून, म्हणून सातार्डेकरने ते घरी आणलं. तो बेड्याशी घुटमळत उभा राहिला. मी पाकीट हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. आत काही असणार नव्हतं, ते माझंच होतं.

"बस, सातार्डेकर," मी म्हटलं, आणि पाणी आणायला आत गेले.